जैसलमेर आणि थरचे वाळवंट: निघण्यापूर्वी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळवंटात वाळूखेरीज पाहायला आहे तरी काय?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून पहिला मान त्याला. थरचा मोठा भाग खडकाळ माळांचा, मुरमाड पठारांचा, खुरट्या झुडपांचा आणि बाजरीच्या शेतांचा आहे. जाहिरातीत दिसतात तशा उघड्या, वाऱ्याबरोबर सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या त्यातल्या थोड्याच भागात आहेत. जैसलमेरपासून साधारण पन्नास किलोमीटरच्या आत माणसांनी गजबजलेला एक किल्ला आहे, दगड झालेली प्राचीन झाडे आहेत, ओस पडलेले एक अख्खे गाव आहे, राजघराण्याच्या स्मारक-छत्र्या आणि जैन मंदिरे आहेत, आणि माळढोक पक्ष्याचे उरलेले सर्वांत महत्त्वाचे घरही इथेच आहे.

आमचे एकच आग्रहाचे सांगणे आहे. इथे फिरताना प्रत्येक ठिकाणी विचारा, ‘इथे पाणी कुठून यायचे?’ वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात लोकांनी शहर वसवले, गहू पिकवला, कोरीव हवेल्या बांधल्या. हे कसे जमले ते कळू लागले की दगडमातीही बोलू लागते. नुसते समच्या वाळूच्या टेकड्यांवर एक रात्र काढून परतणाऱ्यांना यातले काहीच दिसत नाही, याचे मनापासून वाईट वाटते.

कोणत्या महिन्यात जावे?

ऑक्टोबर ते मार्च. त्यातही नोव्हेंबर आणि फेब्रुवारी आम्हाला सर्वांत आवडतात. डिसेंबर-जानेवारीत दिवसा कोवळे ऊन असते, पण रात्री पारा पाच-सात अंशांपर्यंत उतरतो. उघड्यावरच्या तंबूत तर तो आणखी बोचतो, तेव्हा जाड स्वेटर, कानटोपी, मोजे हवेतच. माघी पौर्णिमेच्या सुमारास मरू महोत्सव भरतो. लोकसंगीत, उंटांच्या शर्यती, फेट्यांच्या स्पर्धा असे बरेच काही असते, पण गर्दीही तितकीच असते आणि खोल्या आधीच भरतात.

एप्रिलनंतर जाऊ नका. याच पट्ट्यातल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आहे.

किती दिवस पुरतील?

जैसलमेर आणि आसपासचा भाग नीट पाहायला चार दिवस. जोधपूरहून रस्त्याने येत वाटेत ओसियाँ, खीचन, रामदेवरा आणि पोखरण पाहायचे असेल तर आणखी दोन. दोनच दिवस हाताशी असतील तर किल्ला, गडीसर तलाव, कुलधऱ्याचे ओस गाव आणि खुडीच्या टेकड्यांवरची संध्याकाळ एवढेच धरा; सीमेकडे धावू नका.

किल्ल्यात नेमके काय पाहायचे?

आधी तो कसा वसला ते थोडक्यात. भाटी राजपूत रावळ जैसल याने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला बांधायला घेतला. त्याआधी भाटींची राजधानी पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या लोद्रव्याला होती. किल्ल्याला ९९ बुरूज आहेत. त्यांतले ९२ नंतरचे, १६३३ ते १६४७ या काळात उभे राहिलेले. अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल आणि हवा पोल अशा चार दरवाजांतून वळणे घेत आपण वर चौकात पोहोचतो. २०१३ मध्ये राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांना मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांतला हा एक.

पण आकड्यांपेक्षा महत्त्वाचे हे की किल्ल्यात आजही काही हजार लोक राहतात. गल्ल्यांत शाळेला निघालेली मुले भेटतील, दारावर लग्नपत्रिकेसारखे रंगवलेले गणपती आणि लग्नाच्या तारखा दिसतील. ही लोकांची घरे आहेत. उघड्या दारातून आत कॅमेरा रोखू नका.

जैन मंदिरांसाठी सकाळ राखून ठेवा, कारण दुपारनंतर दर्शनार्थींखेरीज इतरांना प्रवेश मिळेलच असे नाही. पार्श्वनाथ, संभवनाथ, ऋषभदेव अशी ही मंदिरे दाटीने एकमेकांना लागून आहेत. कातडी पट्टा, पाकीट बाहेर ठेवावे लागते. तळघरातल्या ज्ञानभांडारात ताडपत्रांवरचे जुने ग्रंथ जपले आहेत. आक्रमणांच्या काळात गुजरातेतल्या ग्रंथसंग्रहांना या दूरच्या, कोरड्या गावाने आसरा दिला. कोरडी हवा ताडपत्रांना मानवली.

किल्ल्याच्या आतल्या हॉटेलात राहावे का?

आमचे मत स्पष्ट आहे: राहू नये. या किल्ल्याचे सांडपाण्याचे जुने मार्ग घागरीने पाणी आणणाऱ्या वस्तीला पुरतील एवढेच होते. नळ आले, हॉटेले वाढली, न्हाणीघरे वाढली आणि पाणी पायाखालच्या मऊ थरांत मुरू लागले. भिंती सरकल्या, काही बुरूज ढासळले. आठ शतके पाण्याच्या टंचाईत टिकलेल्या किल्ल्याला पाण्याच्या मुबलकतेने इजा केली. त्यानंतर दुरुस्तीची आणि नव्या गटारांची कामे झाली आहेत, तरीही भार कमी ठेवणे आपल्या हातात आहे. पायथ्याशी राहा. तिथल्या गच्चीवरून संध्याकाळी अख्खा किल्ला पिवळा, मग केशरी होताना दिसतो. आत राहणाऱ्याला तो दिसत नाही.

हवेल्या तीन आहेत म्हणे. सगळ्या पाहाव्यात का?

पटवों की हवेली चुकवू नका. पाच हवेल्यांचा हा समूह गुमानचंद पटवा या व्यापाऱ्याने १८०५ च्या सुमारास आपल्या पाच मुलांसाठी बांधायला घेतला. नथमलची हवेली १८८५ ची. हाथी आणि लालू या दोन भावांनी तिची डावी-उजवी बाजू वेगवेगळी घडवली असे सांगतात. दारासमोर उभे राहून दोन्ही बाजूंच्या नक्षीतले फरक शोधत बसा, मुलांनाही हा खेळ आवडतो. दिवाण सालिमसिंहाची हवेली बाहेरून पाहिली तरी चालेल.

गडीसर तलावावर बोटिंगशिवाय काय आहे?

बोटिंग नाही केले तरी चालेल, पण गडीसर पाहिल्याशिवाय जैसलमेर कळणार नाही. चौदाव्या शतकात महारावळ गडसी याने हा तलाव बांधून घेतला आणि १९६५ पर्यंत शहराची तहान याच पाण्यावर भागत होती. सभोवारच्या उतारांवरून येणारे पावसाचे पाणी इथे साठे. पाणलोटात घाण होऊ न देणे ही गावाची जबाबदारी असे. काठावरची देवळे, घाट, छत्र्या त्या आदरातूनच उभ्या राहिल्या.

तलावाकडे जाताना लागणारी देखणी कमान तिलोन नावाच्या गणिकेने बांधल्याचे सांगतात. तिने बांधलेल्या दारातून राजाने जायचे कसे, असा वाद निघाला, तेव्हा तिने कमानीवर कृष्णाचे देऊळ बांधले. मग ती पाडायची कोणाची छाती होईना.

आज तलावात इंदिरा गांधी कालव्याचे पाणी येते, म्हणून तो बारमाही भरलेला दिसतो. सूर्योदयाला जा. हे शहर देशाच्या पश्चिम टोकाला असल्याने जानेवारीत सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो, म्हणजे फार पहाटे उठायलाही लागत नाही.

कुलधरा खरोखर झपाटलेले आहे का?

नाही. भुताच्या गोष्टींनी या गावाचा मोठा अपमान केला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचे गाव, जैसलमेरच्या नैऋत्येला सुमारे अठरा किलोमीटरवर. पालीहून आलेल्या या समाजाची इथे ८४ गावे होती असे सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती ओस पडली. लोककथा अशी की राज्याचा दिवाण सालिमसिंह याची नजर गावातल्या एका मुलीवर पडली, आणि अब्रूसाठी सगळ्या गावांनी एका रात्रीत घरे सोडली. जाताना शाप दिला. अभ्यासक जी कारणे मांडतात त्यांत आटत गेलेले पाणी आणि जाचक कर ही प्रमुख आहेत. काही भूवैज्ञानिकांनी भूकंपाची शक्यताही मांडली आहे. पाणी आटणे आणि कर वाढणे एकत्र आले की गाव उठायला शाप लागत नाही.

पालीवालांची खरी किमया म्हणजे खडीन. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी सखल जागी लांब मातीच्या बांधाने अडवायचे. पाणी तिथे मुरते, सोबत आलेला गाळ बसतो. हिवाळ्याच्या तोंडाशी वरचे पाणी ओसरले की त्या ओलीवर गहू आणि हरभरा पेरायचा. त्यानंतर सिंचनाची गरज नाही. पाणलोट शेतापेक्षा कितीतरी पट मोठा हवा, हे गणित त्यांना पक्के ठाऊक होते. या भागात आजही खडीन पिकतात. फेब्रुवारीत गेलात तर खाभा किल्ल्याच्या वाटेवर चालकाला ‘खडीन दाखव’ म्हणा; उजाड माळामधला तो हिरवा चौकोन कुलधऱ्याच्या पडक्या भिंतींचा अर्थ सांगून जातो.

गावात भिंतींवर चढू नका, नावे कोरू नका. अंधार पडल्यावर प्रवेश नसतो, आणि तो नियम पडझड व नासधूस टाळण्यासाठी आहे.

वाळूच्या टेकड्यांसाठी सम की खुडी?

सम शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, पश्चिमेला. टेकड्या मोठ्या, पण तंबूंच्या रांगा, जीपगाड्या आणि ध्वनिवर्धकही तितकेच. खुडी नैऋत्येला, थोडे दूर. टेकड्या लहान, गाव मात्र शांत. शेणामातीने सारवलेली, पांढऱ्या नक्षीची घरे अजून आहेत. निवांतपणा हवा असेल तर खुडी. मुलांना मोठ्या टेकडीवरून घसरायचेच असेल तर सम, पण सूर्यास्ताऐवजी सकाळी जा. रात्रीच्या वाऱ्याने पावलांचे सगळे ठसे पुसलेले असतात आणि त्यावर भुंगेरे, सरडे, कोल्हे यांच्या माग काढता येण्याजोग्या ओळी उमटलेल्या असतात.

अंधारात वाळूवर अनवाणी फिरू नका. फुरसे इथले रहिवासी आहे. बंद बूट आणि विजेरी पुरते.

उंटावर बसावे का? त्याला त्रास होतो का?

राजस्थानात उंटांची संख्या वेगाने घटते आहे. पशुगणनेत २०१२ ला सुमारे ३.२६ लाख होते, २०१९ ला सुमारे २.१३ लाख उरले. २०१४ मध्ये राज्याने उंटाला राज्यपशूचा दर्जा दिला. ओढकाम ट्रॅक्टरने घेतले, चराईच्या जमिनी आक्रसल्या. राईका-रेबारी पशुपालकांना उंट पाळणे परवडेनासे झाले. त्यामुळे नीट सांभाळलेल्या उंटाची सवारी म्हणजे त्या घरच्या रोजीला हातभार आहे, असे आम्ही मानतो. बसण्याआधी उंट पाहा: नाकपुडीची वेसण चिघळलेली नाही ना, खोगिराखाली जखम नाही ना, उंट दमलेला नाही ना. एका उंटावर तिघे बसवणाऱ्याला नाही म्हणा. भाडे फेरीवर न ठरवता वेळेवर ठरवा, म्हणजे उंटाला पळवायची घाई राहत नाही.

माळढोक दिसेल का?

नशीब असेल तर. राजस्थानात याला गोडावण म्हणतात आणि तो तिथला राज्यपक्षी आहे. आपल्याकडच्या, सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळांवरून तो जवळजवळ नाहीसा झाला. जगात आता दीडशेच्या आसपासच उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. मरू राष्ट्रीय उद्यान ३१६२ चौरस किलोमीटर पसरले आहे; जैसलमेर आणि बाडमेर अशा दोन जिल्ह्यांत. त्यातल्या सुदासरीच्या कुंपण घातलेल्या भागात तो दिसण्याची शक्यता जास्त.

मोठा, जड पक्षी. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरची विजेची तार त्याला वेळेवर दिसत नाही, आणि वजनामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. वाळवंटात पवनचक्क्या आणि सौरप्रकल्पांबरोबर तारांचे जाळे वाढले आणि हेच त्याच्या मृत्यूचे मोठे कारण ठरले. २०१९ पासून सम इथे त्याचे प्रजननकेंद्र चालते. तिथे अंडी उबवून पिल्ले वाढवली जातात. केंद्र पर्यटकांसाठी नाही.

उद्यानात जाताना वनखात्याची परवानगी घ्या, स्थानिक वाटाड्या घ्या, गाडीतून उतरून पक्ष्यामागे जाऊ नका. माळढोक नाही दिसला तरी चिंकारा, वाळवंटी कोल्हा, गिधाडे आणि हिवाळ्यात तिलोर (माळढोकाचा एक लहान नातलग) दिसू शकतात. गावाने देवाच्या नावाने राखलेली ‘ओरण’ही पाहा. तिथे कोणी फांदी तोडत नाही, म्हणून जनावरांना चारा आणि पक्ष्यांना आडोसा टिकला. देगराय मातेची ओरण त्यांतली मोठी.

अकलला जाण्यात अर्थ आहे का? नुसते दगड आहेत म्हणतात.

दगडच आहेत, पण ते एके काळी झाडे होते. बाडमेर रस्त्यावर सतरा किलोमीटरवर अकल जीवाश्म उद्यान आहे. इथले बुंधे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे जुरासिक काळातले. तेव्हा इथे दमट हवा होती, घनदाट जंगल होते, जवळच समुद्र होता. कोसळलेली झाडे गाळात गाडली गेली आणि त्यांच्या पेशींची जागा खनिजांनी घेतली. सर्वांत मोठा बुंधा तेरा मीटरहून लांब आहे. सावली नाही, तासाभरात पाहून होते, आणि सोबत समजावणारे कोणी नसेल तर कंटाळा येऊ शकतो. आम्ही मात्र प्रत्येकाला तिथे पाठवतो. आज थेंबाला तरसणाऱ्या जमिनीवर उभे राहून जंगलाचा पुरावा हाताच्या अंतरावर पाहायला मिळतो. खडा उचलून खिशात घालणे हा गुन्हा आहे.

बडा बाग आणि लोद्रवा?

दोन्ही एका सकाळी होतात. बडा बाग म्हणजे राजघराण्याच्या छत्र्या, मागे पवनचक्क्यांची रांग. लोद्रव्याचे पार्श्वनाथ मंदिर सतराव्या शतकात नव्याने उभारले गेले. तिथले तोरण बघत थांबावेसे वाटते.

लोंगेवाला आणि तनोट एका दिवसात होते का?

होते, पण सकाळी लवकर निघा. तनोट सुमारे १२० किलोमीटरवर आहे. वाटेत रामगढनंतर फारसे काही मिळत नाही, इंधन आणि पाणी आधीच भरून घ्या.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री लोंगेवालाच्या चौकीवर पाकिस्तानी रणगाडे चालून आले. चौकीत पंजाब रेजिमेंटच्या २३ व्या बटालियनच्या एका तुकडीचे सुमारे १२० जवान होते, नेतृत्व मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांचे. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री मारा करण्याची सोय नव्हती, म्हणून उजाडेपर्यंत चौकी लढवणे भाग होते. त्यांनी ती लढवली. सकाळी विमाने आली आणि मऊ वाळूत अडकलेले रणगाडे एकेक करून टिपले गेले. चांदपुरींना महावीर चक्र मिळाले. स्मारकात तो इलाखा स्वतःच्या डोळ्यांनी पाहताना कळते की लपायला एक टेकाडही नाही.

तनोट मातेच्या मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दलाचे जवान पाहतात. १९६५ च्या युद्धात मंदिराजवळ पडलेले तोफगोळे फुटले नाहीत ही मातेची कृपा, अशी जवानांची श्रद्धा आहे. न फुटलेले गोळे तिथे मांडून ठेवले आहेत. आरतीला जवान स्वतः ढोल-झांजा वाजवतात. शक्य असेल तर ती वेळ साधा.

तनोटच्या पुढे सीमेपर्यंत जायला दलाची वेगळी परवानगी लागते. ओळखपत्र सगळ्यांनी जवळ ठेवा. चौक्या, वाहने, मनोरे यांचे फोटो काढू नका. ड्रोन आणूच नका.

खरे लोकसंगीत कुठे ऐकायला मिळेल?

तंबूंतल्या कार्यक्रमात बहुधा चित्रपटगीतेच वाजतात. तुम्ही यजमानांना आधीच सांगा: आम्हाला मांगणियार गायक हवेत, कमायचा (गजाने वाजवायचे तंतुवाद्य) आणि खडताल (लाकडी पट्ट्यांचे टाळ) हवी, ध्वनिवर्धक नको. मांगणियार हे मुस्लिम गायक; पिढ्यान्‌पिढ्या हिंदू यजमानांच्या घरी जन्म-लग्नाची गाणी गात आले, त्यांच्या वंशावळी मुखोद्गत ठेवत आले. हमीरा गावचे कमायचावादक साकर खान यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. बिदागी थेट कलाकारांच्या हाती द्या.

जोधपूरहून येताना वाटेत कुठे थांबावे?

जोधपूरला मेहरानगड तर पाहालच. राव जोधाने १४५९ मध्ये पाया घातलेला. पण त्याच्या पायथ्याचे राव जोधा मरू शैल उद्यान बहुतेक जण सोडून देतात. परदेशी विलायती बाभळीने तो खडक पुरता गिळला होता. २००६ पासून तिची मुळे खडकातून अक्षरशः छिन्नीने काढून त्या जागी वाळवंटातली मूळची झाडे लावली. थोर, गुग्गुळ, केर अशी इथली वनस्पती ओळखायची असेल तर प्रवासाच्या सुरुवातीलाच इथे दोन तास द्या. पुढचा सगळा माळ वाचता येऊ लागतो.

जोधपूरच्या आग्नेयेला खेजडली आहे. १७३० मध्ये राजाची माणसे खेजडीची (शमीची) झाडे तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी आणि तिच्यामागोमाग बिश्नोई समाजाचे मिळून ३६३ जण झाडांना कवटाळून मारले गेले. जैसलमेरच्या उलट दिशेला आहे, तरी जा.

पुढे ओसियाँची आठव्या शतकापासूनची मंदिरे. नंतर फलोदीजवळचे खीचन. सप्टेंबर ते मार्च इथे मध्य आशियातून आलेले कुरजां, म्हणजे क्रौंच पक्षी, हजारोंनी उतरतात. गावातल्या जैन कुटुंबांनी त्यांना दाणे घालण्याची प्रथा सुरू केली आणि आता त्यासाठी खास चुग्गाघर आहे. २०२५ मध्ये खीचनला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या ‘रामसर’ पाणथळाचा दर्जा मिळाला. दाणे खायला पक्षी सकाळी येतात, म्हणून मुक्काम फलोदीला करा. गच्चीवर उभे राहून पाहता येते, मोठ्याने बोलू नका.

पोखरणला अणुचाचणीची जागा पाहता येते का?

नाही. १८ मे १९७४ आणि ११ व १३ मे १९९८ च्या चाचण्या लष्कराच्या प्रतिबंधित क्षेत्रात झाल्या आणि ते क्षेत्र आजही बंद आहे. गावातला किल्ला पाहता येतो. जवळच रामदेवरा आहे. भाद्रपदात बाबा रामदेवांच्या जत्रेला हिंदू-मुसलमान दोन्ही भाविक शेकडो किलोमीटर पायी येतात. त्या दिवसांत रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यांची रांग असते, गाडी सावकाश हाकायला सांगा.

ज्येष्ठांना झेपेल का?

किल्ल्याची चढण दगडी आणि घसरडी आहे, पण रिक्षा आतल्या चौकापर्यंत सोडते का ते तिथे चौकशी करा. कुलधरा, गडीसर, बडा बाग सपाट. उंट उठता-बसताना जोराचा हिसका देतो, कंबरेचे दुखणे असेल त्यांनी उंटगाडी घ्यावी.

पाणी, पैसे, फोन?

पिण्याचे पाणी मोठ्या भांड्यात भरून घ्या, रिकाम्या बाटल्या शहरात परत आणा. वाळूत पुरलेले प्लास्टिक वारा पुन्हा वर काढतो आणि ते गाई-उंटांच्या पोटात जाते. शहराबाहेर रोख रक्कम लागते. सीमेकडे मोबाइलला रेंज मिळेलच असे धरून चालू नका. तंबूत आंघोळीला गरम पाणी मागताना एकच बादली मागा. कालवा आला असला तरी खुडीपलीकडच्या कित्येक ढाण्यांवर (लहान वस्त्यांवर) आजही पाणी टँकरने येते आणि घराच्या टाक्यात साठवून महिनाभर पुरवले जाते.